तुझं दिवसाचं टोकियो

निशि-कासाई, टोकियो
नोव्हेंबर २०२५

चि. अद्वैत,
अनेक आशीर्वाद.

रात्रीचे साडेअकरा झालेत. हॉटेलच्या खिडकीतून तोझाई मार्गाची गाडी पुलावरून जाताना दिसते आहे. म्हणायची भुयारी रेल्वे, पण या भागात ती डोक्यावरून धावते. याच गाडीने मी चार वर्षं रोज रात्री घरी यायचो, आणि तू झोपलेला असायचास.

काल संध्याकाळी शिंबाशीला गेलो होतो. स्टेशनासमोरच्या चौकात जुनं वाफेचं इंजिन अजून उभं आहे. रुळांखालच्या विटांच्या कमानींत तीच छोटी खानावळवजा मद्यालयं, तेच लाल कंदील, कोळशाचा तोच धूर आणि बांबूच्या काड्यांना टोचून भाजलेले कोंबडीचे तुकडे. मीठ लावून हवेत की गोडसर सोया रस लावून, एवढंच विचारतात. मी अजूनही मीठच सांगतो. बसल्याबरोबर न मागता एक छोटी वाटी समोर येते, तिला ओतोशी म्हणतात. तिचे पैसे बिलात धरलेले असतात. काल वाटीत शिजवलेला मुळा होता, मऊ आणि आतपर्यंत मुरलेला. शेजारच्या टेबलावर टाय सैल केलेली कचेरीतली माणसं मोठमोठ्याने हसत होती. आमचंही असंच चालायचं. साहेब उठेपर्यंत उठायचं नाही, मग शेवटची गाडी गाठायला धावायचं. गिंझा मार्गाने निहोनबाशी, तिथे बदलून तोझाई. डोळे बांधून सोडलं तरी जाईन.

मला टोकियो माहीत आहे ते असं, रात्रीचं. तुझं टोकियो दिवसाचं होतं, आणि ते मी पाहिलेलंच नाही. आज सकाळी प्राणिसंग्रहालयाचा रस्ता विचारायला मला पुण्याला तुझ्या आईला फोन करावा लागला, तेव्हा हे नीट कळलं. ती चहा करत होती. स्टेशनाच्या उत्तरेच्या दारातून बाहेर पड, सरळ चालत राहा, आणि घाई करू नकोस, म्हणाली.

ग्योसेन पार्कातलं ते प्राणिसंग्रहालय फुकट आहे, फाटकातून सरळ आत. लाल पांडा फांदीवर पाय सोडून झोपला होता. पेंग्विनांपाशी पाळणाघरातली मुलं आली. चाकांच्या मोठ्या गाड्यात सहा-सात जण कठडा धरून उभे, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या, आणि बाई गाडा ढकलत होत्या. तुझा अगदी असाच एक फोटो आपल्या घरी आहे. इतकी वर्षं मला वाटायचं की तो कुठल्या तरी सहलीचा आहे. आई म्हणाली, सहल कसली, तो तर तुझा रोजचा फेरा होता.

मग एक स्टेशन पुढे, कासाईला. तिथे रुळांखालीच भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे. आशियातली पहिली भुयारी गाडी १९२७ मध्ये उएनो ते आसाकुसा धावली, त्या गाडीचा पिवळा डबा तिथे ठेवला आहे. तो उएनो-आसाकुसा रस्ताच पुढे गिंझा मार्ग झाला. मी फोटो पाठवला तर आईचा लगेच फोन. तू त्या डब्याला ‘बाबांची गाडी’ म्हणायचास, कारण तिने तुला सांगितलं होतं की बाबा गिंझा मार्गाने येतात. प्रत्येक शनिवारी तू त्याला हात लावून यायचास. अद्वैत, हे मला आज कळलं. मी त्या डब्याजवळ कितीतरी वेळ बसून राहिलो.

एकच रात्र अशी आठवते की मी कामावरून आलो आणि तू जागा होतास. ११ मार्च २०११. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला, गाड्या थांबल्या, फोन लागेनात. मी शिंबाशीहून चालत निघालो. फुटपाथवर हजारो माणसं मुकाट्याने एकाच दिशेला चालली होती, कोणी कोणाला ढकलत नव्हतं. एइताई पूल ओलांडला, मग अराकावा नदीवरचा कासाई पूल. त्यावर वारा अंगात शिरत होता. पोहोचलो तेव्हा तू डोक्यावरची ती जाड कापडी संरक्षक टोपी काढायला तयार नव्हतास. आई येईपर्यंत पाळणाघरातल्या बाई तुला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

आठ दिवसांत आपण निघालो. त्या बाईंचे आभार मानायचे राहिले, तुला तुझ्या मित्रांचा निरोप घेऊ दिला नाही. पुण्यात तू कितीतरी दिवस विचारायचास, उद्या होइकुएन आहे का? होइकुएन म्हणजे तुझं पाळणाघर. मी म्हणायचो, सुट्टी आहे. तुला खरं सांगायला हवं होतं. हळूहळू तू विचारणं सोडलंस, मग जपानी बोलणंही सोडलंस. आज त्या पाळणाघराच्या फाटकापर्यंत गेलो आणि बाहेरूनच वाकून नमस्कार केला. तेवढ्यात खांबावरच्या भोंग्यातून मुलांना घरी बोलावणारी संध्याकाळची धून वाजली. तिचा सूर तुझ्या कानात अजून असेल, असं मला वाटतं.

संध्याकाळी त्सुकिशिमाला मोंजा खाल्लं. धिरड्याच्या पिठाहूनही पातळ पीठ, त्यात बारीक चिरलेला कोबी, समोरच्या तापल्या लोखंडावर पसरायचं आणि इवल्याशा उलथन्याने खरवडून खायचं. खालची करपट खरवड सगळ्यात चांगली. आई म्हणते, ती तू कोणाला द्यायचा नाहीस. बाहेर पडल्यावर एक ताइयाकी घेतला, माशाच्या आकाराचा, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण. तू शेपटीकडून सुरुवात करायचास म्हणे, म्हणून मीही तशीच केली.

एक राहिलं. प्राणिसंग्रहालयातल्या एका पेंग्विनला तू नाव दिलं होतंस. आईला ते आठवत नाही. तुला आठवतंय का? कळव.

तुझा,
बाबा