उजवं पान कोरं ठेवायला शिकवलंत म्हणून

प्रिय ताई,

तुम्हाला निवृत्त होऊन आता दोन वर्षं होतील. निरोपाच्या दिवशी मी बोलायला उभी राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला गळा दाटून आला. सांगायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून आज लिहून सांगते आहे. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण "मला काही सुचतच नाही" म्हणत मान खाली घालून बसलेली माझ्यासारखी आणखी माणसं नक्की असतील. तुम्ही मला जे दिलंत, ते त्यांच्याही हाती पडावं.

मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा मुलांसाठी गणिताची साधनं बनवायच्या कामात अगदी नवखी होते. सोमवारच्या मिटींगला प्रत्येकानं एक नवी कल्पना घेऊन यायची, असा शिरस्ता होता. रविवारी संध्याकाळपासून माझ्या पोटात गोळा यायचा. कोरा कागद पुढे घेऊन बसायची आणि काहीतरी भन्नाट सुचावं म्हणून त्याच्याकडे बघत राहायची. जे सुचायचं ते कुणीतरी आधीच केलेलं असायचं, नाहीतर दिसायला गोड आणि शिकवायला निरुपयोगी. महिनाभरानं मी तुमच्यापाशी येऊन म्हटलं, "ताई, माझ्यात ती देणगीच नाहीये." तुम्ही माझी समजूत घातली नाहीत. खणातून एक दोनशेपानी वही काढलीत आणि म्हणालात, "कल्पना लिहूच नकोस. घोडं कुठे पेंड खातंय तेवढं लिही."

डाव्या पानावर अडचण, तारीख घालून, एकेका वाक्यात. उजवं पान कोरं. त्यावर ओढूनताणून काही लिहायचं नाही. रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी मागची पानं एकदा चाळायची. बस्स, एवढंच.

पहिल्या दिवशी मी डावीकडे लिहिलं, "मुलांना अपूर्णांक अवघड जातात." तुम्ही ते वाचलंत आणि पेन्सिलीनं शेजारी तीन शब्द लिहिलेत : कुणाला? कुठे? कसे? मला उत्तर देता येईना. मग तीन दिवस मी एका वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश?" एका मुलीनं तत्काळ हात वर केला आणि ठासून सांगितलं, "एक अष्टमांश. कारण आठ मोठे." अर्ध्या वर्गानं माना डोलावल्या. परत येऊन मी तिचं वाक्य जसंच्या तसं डाव्या पानावर उतरवलं. ते वाचून तुम्ही वही मिटलीत आणि म्हणालात, "आता हे मुरू दे."

उजवं पान चार महिने कोरं राहिलं. एका संध्याकाळी बहीण आणि मी चादरीची घडी घालत होतो. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. आम्ही एकमेकींकडे चालत आलो, मी दोन्ही टोकं धरली, तिनं मधला भाग धरला, पुन्हा ताणली, पुन्हा जवळ आलो. हातातले थर वाढत होते आणि आमच्यातलं अंतर कमी होत होतं. त्या मुलीचा ठाम आवाज मला अक्षरशः कानात ऐकू आला. आठ मोठे! मी चादर तशीच बहिणीच्या हातात सोडून वहीकडे धावले. आठ फुटी कापडी पट्टी, दोन मुलं, दोन टोकं. एक घडी घातली की चार फूट, दुसरी घातली की दोन, तिसरी घातली की एक. थर आठ होतात तेव्हा दोघांची कपाळं एकमेकांना टेकायला येतात. आठ मोठे, पण तुकडा लहान, हे शब्दांत सांगावंच लागत नाही.

चादरींच्या घड्या मी जन्मभर घालत आले होते, ताई. चादर कधी काही बोलली नव्हती. ती त्या संध्याकाळी बोलली, कारण मी रोज सकाळी एक वाक्य वाचत होते.

त्यानंतर मी शोधांच्या गोष्टी नव्यानं वाचायला घेतल्या आणि जिथेतिथे मला तुमचं डावं पान दिसू लागलं. १८८० च्या सुमाराची पॅरिसमधली गोष्ट घ्या. प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची यंत्रं पाहिली आणि तसंच यंत्र अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी करवून घेतलं. ती यंत्रं त्यांच्याआधी कितीतरी लोकांनी पाहिली असतील. पण गारठून दगावणारी बाळं रोज डोळ्यांसमोर असलेला माणूस तिथे उभा राहिला, तेव्हाच त्या उबेला अर्थ आला.

मला सगळ्यात जवळची वाटते ती पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांची गोष्ट. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर जोरकस गोंद शोधत होते. १९६८ मध्ये त्यांच्या हाती लागला तो कमकुवत गोंद, चिकटणारा आणि सहज सुटणारा. तो घेऊन ते कंपनीत कितीतरी जणांकडे गेले, पण त्याचं काय करायचं ते कुणाला कळेना. सहा वर्षं एक उत्तर प्रश्नाच्या शोधात फिरत होतं! १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना तो गोंद आठवला. फ्राय प्रार्थनेच्या वृंदात गायचे आणि त्यांच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या गळून पडायच्या. आपल्या भाषेत बोलायचं तर गोंद उजव्या पानावरचा होता आणि डावं पान फ्रायकडे होतं. १९८० मध्ये त्या चिठ्ठ्या अमेरिकाभर विक्रीला आल्या.

डार्विननं अर्थशास्त्रज्ञ माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध केवळ करमणूक म्हणून वाचायला घेतला आणि त्यात त्याला नैसर्गिक निवडीची किल्ली सापडली, असं तो स्वतःच सांगतो. हे झालं १८३८ मध्ये. पण प्रजाती कशा बदलतात या प्रश्नाची वही त्यानं १८३७ च्या जुलैतच उघडली होती. करमणुकीच्या वाचनात इतकं मोठं काही सापडलं, त्यामागे सव्वा वर्षाची वही होती.

गणितज्ञ प्वँकारे यांची गोष्ट मात्र लोक अर्धीच सांगतात, याचं मला फार वाईट वाटतं. घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी, ध्यानीमनी नसताना, त्यांना कोडं उलगडलं, एवढंच ऐकायला मिळतं. त्याआधी ते पंधरा दिवस रोज टेबलाशी बसून त्याच विषयाशी झटत होते आणि हाती काही लागत नव्हतं, हे त्यांनीच सांगितलेलं कुणी पुढे सांगत नाही. मग ऐकणाऱ्याला वाटतं, आपण बसची वाट बघावी. मीही तीच बघत होते.

आणि सोमवारच्या मिटींगचं काय केलंत तुम्ही! सगळ्यांनी एकत्र बसून तोंडी कल्पना मांडायची पद्धतच बंद केलीत. आधी प्रत्येकानं एकट्यानं, गप्प बसून, वीस मिनिटांत जे येईल ते लिहायचं, मग वाचायचं. काहींना तेव्हा ते रुक्ष वाटलं होतं. पुढे माझ्या वाचनात आलं की १९५८ मध्येच येल विद्यापीठात याचा प्रयोग झाला होता. चौघांच्या गटानं मिळून जेवढ्या कल्पना काढल्या, त्याच्या जवळपास दुप्पट कल्पना वेगवेगळं बसलेल्या चौघांच्या मिळून निघाल्या. १९८७ च्या एका अभ्यासानं त्याचं मोठं कारण दाखवलं : एक जण बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबल्या थांबल्या डोक्यातलं निसटतं. माझं तर कायमच निसटायचं. त्या वीस मिनिटांत मला पहिल्यांदा कळलं की माझ्याकडेही पुष्कळ आहे.

पुष्कळ म्हणजे चांगलं नव्हे, हेही तुम्हीच शिकवलंत. माझ्या वीसातल्या सतरा कल्पनांवर तुम्ही शांतपणे काट मारायचात, आणि मला एकदाही अपमान वाटला नाही. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञानं १९५३ च्या सुरुवातीला डीएनएची तीन धाग्यांची रचना छापली आणि ती साफ चुकीची निघाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वॉटसन आणि क्रिक यांची दोन धाग्यांची बरोबर रचना आली. पुढच्याच वर्षी पॉलिंगना त्यांच्या आधीच्या कामासाठी नोबेल मिळालं. हे वाचलं तेव्हा मला तुमची पेन्सिल आठवली.

दुपारी तीन वाजता "चल, दोन फेऱ्या मारून येऊ" म्हणायचात, तेही आता कळतं. स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांची कल्पना सुचवण्याची क्षमता सरासरी ६० टक्क्यांनी वाढते, अगदी भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललं तरीही. एकच नेमकं उत्तर काढायचं असेल तेव्हा मात्र तो फायदा दिसला नाही. तुम्हीही हिशोब तपासताना मला खुर्चीवरून उठू द्यायचा नाहीत.

पट्टीचं पुढे काय झालं ते तुम्ही गेल्यावरचं आहे, म्हणून सांगते. पहिल्याच चाचणीत ती फसली. मुलांनी थर मोजायचे सोडून घड्या मोजल्या. तीन घड्या घातल्या, म्हणजे एक तृतीयांश! मी घरी येऊन ते डावीकडे लिहिलं. पुढच्या वर्गात एका मुलानं कुणी न सांगता वरच्या थरावर खडूनं फुली मारली, पट्टी सगळी उलगडली आणि फुलीच्या तुकड्याएवढे किती तुकडे आहेत ते मोजत गेला. आठ भरले. आता प्रत्येक पट्टीबरोबर आम्ही खडू देतो. ते उजवं पान त्या मुलानं भरलं, मी फक्त बघत होते. पण काय बघायचं ते मला माहीत होतं, आणि ते तुमच्यामुळे.

सध्या तिसरी वही चालू आहे. तिच्यात एक पान असं आहे : "निम्म्या-निम्म्या घड्या घालून अर्धा, पाव, अष्टमांश जमतात. कितीही वेळा घातल्या तरी बरोबर एक तृतीयांश कधी येत नाही. तो मुलांच्या हातात कसा द्यायचा?" तारीख पाच महिन्यांपूर्वीची आहे. समोरचं पान अजून कोरं आहे. तुमच्या दुपारच्या फेऱ्या अजून चालू असतील, तर हे वाक्य तेवढं बरोबर घेऊन जाल का?

तुमची,
शेजारच्या टेबलावरची