उत्तर 288 की 224?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका पालकांनी ‘शाळेत मोबाईल नकोच’ असं ठणकावून लिहिलं होतं. त्यांचं निम्मं मला पटलं. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

मी कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत बावीस वर्षं शिकवतेय. सहावी-सातवी एकाच खोलीत बसतात. स्मार्ट बोर्ड वगैरे काही नाही. माझा मोबाईल आणि एक छोटा स्पीकर, रिचार्ज माझाच. पावसाळ्यात वीज गेली की मागोमाग रेंजही जाते, मग खडू-फळा आहेच.

सहामाहीला मी प्रश्न घातला होता : आपल्या राज्याच्या विधानसभेत किती सदस्य असतात? वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी 288 लिहून मोकळी. पुढच्या उत्तरात गावाचा प्रमुख सरपंच आणि कारभार बघणारा ग्रामसेवक. पेपर घेऊन जवळ बोलावलं, तर म्हणते, “बाई, युट्यूबवर बघूनच पाठ केलंय की!” तिनं बघितलेला व्हिडिओ मी घरी जाऊन पाहिला. सुरेख मराठी, नेटकी चित्रं, एक चूक नाही. फक्त तो महाराष्ट्रातल्या मुलांसाठी केलेला. तिकडं 288, आपल्याकडं 224. तिकडं सरपंचाला लोक थेट मत देतात. इथं निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य आपल्यातूनच अध्यक्ष निवडतात, आणि दप्तर सांभाळतो तो पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. बेळगावजवळ हलग्याला असलेलं सुवर्ण विधानसौध, म्हणजे आपल्या विधिमंडळाची तिथली इमारत, या पोरीनं कितीदा बघितलंय! हिवाळी अधिवेशनाला ते 224 जण तिथंच येऊन बसतात. तरी मार्क गेले.

आमची अडचण ही अशी आहे. मराठीत शोधलं की महाराष्ट्राचा अभ्यासक्रम समोर येतो. आपल्या अभ्यासक्रमाचं शोधलं की बहुतेक कन्नड. मुलांना कन्नड यायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण नवा धडा पहिल्यांदा समजायचा तो घरच्या भाषेतच समजतो. गणिताचं निभावतं, अपूर्णांक कोल्हापुरात आणि कणकुंबीत सारखेच. अडतं ते इतिहास-नागरिकशास्त्रात. इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 साली फाशी दिली ती आमच्याच तालुक्यातल्या नंदगडला. आमच्या वर्गातल्या दोघांचं ते आजोळ. पण बारा वर्षांच्या मुलाला कळेल असं, मराठीतून ते सांगणारं काही माझ्या हाती लागलं नाही.

मग ठरवलं, आपणच करायचं. एका शनिवारी मुलांना घेऊन पंचायतीत गेले. अध्यक्षीणबाई आधी “फोटो नको गं बाई” म्हणत होत्या, मग पदर सारखा करून खुर्चीत ताठ बसल्या. पोरांनी प्रश्न विचारले, एकीनं माझ्या मोबाईलवर चित्रण केलं. तुम्हाला कुणी निवडलं? सही कुणाची चालते? घरपट्टीचे पैसे जातात कुठं? सगळं छान चाललं होतं. एवढ्यात मागच्या रांगेतला एक बारका म्हणाला, “आमच्या वाडीवरचा दिवा गणपतीपासनं बंद हाय, तो कुणी लावायचा?” अध्यक्षीणबाई पीडीओंकडे बघू लागल्या, पीडीओ रजिस्टरकडे. चित्रण हलतंय, मागं कोंबडं आरवतंय, पण अध्यक्ष, सदस्य, पीडीओ म्हणजे काय हे त्या दिवसापासून वर्गात कुणी विसरलेलं नाही. दिव्याचा भाग कापून टाका, असं एका सहकाऱ्यानं सुचवलं. मी नाही कापला.

आता पालकांचं मला पटलेलं निम्मं. ग्रुपवर गृहपाठ टाकणं मी बंद केलंय. फोन बापाच्या खिशात, आणि बाप उद्यमबागच्या फौंड्रीत सेकंड शिफ्टला. तो घरी येईतो पोर झोपलेलं. एकाचे वडील गोव्याला कामाला, शनिवारी रात्री येतात, म्हणून ते पोर आठवड्याचा गृहपाठ रविवारी एका बैठकीत उतरवून काढायचं. 2020 मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा सरकारच्या ‘विद्यागम’ उपक्रमात देवळाच्या कट्ट्यावर मुलं बसवून शिकवलं. तेव्हाच कळलं होतं, की घरात फोन असणं वेगळं आणि पोराच्या हातात असणं वेगळं. तरी मी दोन वर्षं ग्रुपवर गृहपाठ टाकतच राहिले. सवय, दुसरं काय.

आणखी एक चूक माझीच. मुलं बिसी ऊट, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, जेवताना काढलेला फोटो मी हौसेनं स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी एकाची आई शाळेत आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, “बाई, त्याचा फाटका शर्ट सगळ्या गावानं बघितला.” तेव्हापासून मुलांचे चेहरे माझ्या स्टेटसला जात नाहीत. पंचायतीच्या चित्रणातसुद्धा आवाज मुलांचे आहेत, चेहरा अध्यक्षीणबाईंचा, तोही त्यांना विचारून.

निपाणी, बेळगाव, खानापूरच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांना या पत्रातून एक विनंती आहे. आपल्या पुस्तकातल्या धड्यांवर तुम्ही काही ध्वनिमुद्रण, चित्रण केलं असेल तर ते मोबाईलमध्ये पडून राहू देऊ नका. मलप्रभेचा उगम, नंदगड, तुमच्या गावची तंबाखूची वखार, काहीही चालेल. दोन-चार मिनिटांचंच ठेवा, त्याहून मोठं आमच्याकडं उतरत नाही. आणि संपादक महोदय, आपण आठवड्यातून एकदा, कोपऱ्यात का होईना, कुठल्या धड्यावर कुणाकडं काय आहे याची यादी छापलीत तर फार बरं होईल. आमच्याकडं ग्रामपंचायत आहे, चार मिनिटं, दिव्याच्या प्रश्नासकट.

आपली,
एक शिक्षिका, खानापूर तालुका