तज्ज्ञांकडे जा म्हणता, पण कोणाकडे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत मनाच्या आरोग्यावर अधूनमधून लेख येतात. लेख चांगले असतात, पण शेवटची ओळ ठरलेली: 'गरज भासल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्या.' हा तज्ज्ञ नेमका कोण, कुठे बसतो, पहिल्या दिवशी काय विचारतो, यातलं काही त्यात नसतं. कोपरखैरण्यात माझं औषधांचं दुकान आहे. लेख वाचून लोक तज्ज्ञांकडे जात नाहीत, माझ्याकडे येतात.

'दादा, यांना रात्र रात्र झोप नाही. शेजारच्या मावशी घेतात ना, तसली एक स्ट्रिप द्या.' मार्केटात माथाडीचं काम करणाऱ्या एकाची बायको परवा ऐन गर्दीत आवाज बारीक करून सांगत होती. अल्प्राझोलाम, झोलपिडेम या गोळ्या शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषधयादीतल्या. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, आणि दिल्या की डॉक्टरचं नि पेशंटचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही ३ वर्षं जपावी लागते. शिवाय सवय लागते ती वेगळीच. मी नाही म्हटलं. 'मग काय करू?' यावर मी तोंड उघडायच्या आत मागचा एक गिऱ्हाईक हसत म्हणाला, 'ठाण्याला न्या!' बाई तशीच निघून गेली.

हा विनोद आपल्याकडे इतका मुरलाय की १९०१ साली सुरू झालेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागही आहे, नोकरी-संसार करणारी माणसं तिथे तपासून, औषधं घेऊन घरी जातात, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

तर आधी कोण कोण ते सांगतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. गोळ्या तो लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही. तो चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक फोनवरच विचारावा, फीसुद्धा. समुपदेशकांमध्ये उत्तम शिकलेली माणसं आहेत, तशीच चार दिवसांचा कोर्स करून बोर्ड लावणारीही आहेत. तिथे शिक्षण विचारायला लाजू नये.

पहिल्या भेटीचं म्हणाल, तर ती बहुधा पाऊण तास ते तासभर चालते. झोप, भूक, कामाचा ताण, दारू-तंबाखू, घरात पूर्वी कोणाला असा त्रास होता का, आधीपासून कुठली औषधं चालू आहेत, हे सगळं विचारतात. रडू आलं तर रडू देतात. सायकिअ‍ॅट्रिस्ट कधी थायरॉइड, बी-१२ तपासायला सांगतात, कारण त्यांच्या बिघाडानेही माणूस मरगळतो. 'सोसायटीत कळलं तर?' ही भीती मोठी. पण २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. जिवाला धोका, कोर्टाचा आदेश असे मोजकेच अपवाद.

बोलण्याने काय होणार, असंही लोक विचारतात. नुसत्या गप्पा नसतात त्या. अ‍ॅरन बेक या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९६०च्या दशकात मांडलेल्या सीबीटी (विचारांची नि वागण्याची सवय बदलायच्या) पद्धतीत चक्क गृहपाठ असतो. 'साहेबांनी आज माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे आता काढणार' हा विचार वहीत लिहायचा, त्याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय, तेही लिहायचं. आठवड्याला एक बैठक धरली तर काही महिने जातात. एकाशी सूर जुळला नाही तर दुसरा शोधावा, त्यात काही वावगं नाही.

डिप्रेशनच्या गोळ्यांचंही तसंच. चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणत उरलेल्या गोळ्या परत करायला येणारे मी पाहतो. (कापलेली स्ट्रिप मी घेत नाही, ते सोडा.) या गोळ्यांचा गुण दिसायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि त्या डॉक्टरला न विचारता एकदम बंद करायच्या नसतात. हे चिठ्ठी लिहितानाच सांगितलं गेलं, तर निम्मे लोक वाटेत सोडणार नाहीत, असा माझा अंदाज.

ऐरोली-महापेच्या नाइट शिफ्टमधली मुलं म्हणतात, दिवसा वेळ कुठाय? त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनवरून मनाच्या त्रासावर सल्ला देणारी सेवा आहे: १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, मोफत, मराठीतही. ठाण्यात 'आयपीएच' (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून याच कामात आहे. ज्यांना हेही नको वाटतं, त्यांनी निदान आपल्या फॅमिली डॉक्टरला 'झोप येत नाही'च्या पुढे दोन वाक्यं सांगावीत.

माझी विनंती एवढीच. अशा प्रत्येक लेखाखाली एक छोटी चौकट द्या: कोण काय करतो, नोंदणी कुठे बघायची, जवळचं सरकारी केंद्र कुठलं, १४४१६. आमच्या केमिस्टांच्या संघटनेला मी तीच चौकट दुकानादुकानांत लावायला सांगणार आहे, पण ती छापून तुमच्याकडून आली तर लोक जास्त विश्वास ठेवतील.

कळावे,
एक औषधविक्रेता, कोपरखैरणे, नवी मुंबई