एका मार्काला एवढा भाव कशाला?

मा. संपादक,

निकाल लागला की अमक्याचं मेरिट एका मार्काने हुकलं, तमकी अर्ध्या मार्काने पुढे गेली हेच वाचायला मिळतं, पण आपली परीक्षा एक मार्क मोजण्याइतकी बारीक आहे का हे कोणी विचारतच नाही. मी बरीच वर्षं पेपर तपासलेत म्हणून लिहितोय. एकदा सहज, आधी तपासलेला निबंध पंधरा दिवसांनी मार्क झाकून परत तपासला, आधी १० पैकी ७ दिले होते, आता ५ पडले. निबंध तोच, लाल पेन तेच, मास्तरही तोच!

हे काही आजचं नाही. एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ मध्येच परीक्षेत नशिबाचा वाटा किती याचं गणित मांडलं होतं. पुढे १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी एकच उत्तरपत्रिका पुष्कळ शिक्षकांकडून तपासून घेतली तर मार्कांत जमीन-अस्मानाचा फरक, भाषेचं सोडा, भूमितीतसुद्धा.

आता थोडी आकडेमोड. १०० मार्कांचा पेपर, प्रमाण विचलन (मुलांचे मार्क सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १०, विश्वसनीयता (तशीच परीक्षा परत घेतली तर मार्क कितपत जुळतील त्याचं ० ते १ मधलं माप) ०.८४ धरा (ही वाईट नाही हं). १ मधून ०.८४ गेले, उरले ०.१६, त्याचं वर्गमूळ ०.४, गुणिले १० म्हणजे ४ मार्क. ही मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे मार्क खऱ्या कुवतीपासून साधारण किती इकडेतिकडे होतात ते, ट्रेनिंगला पाठ केलेली असते, निकालाच्या दिवशी कोणाला आठवत नाही. म्हणजे ज्याची खरी कुवत ६० ची त्याला साधारण तीनात दोनदा ५६ ते ६४ मधलं काहीही पडणार आणि एखाद वेळी त्याच्याही बाहेरचं, आणि दोन मुलांची तुलना करायला गेलात तर फरकातली त्रुटी साडेपाचच्या वर जाते. मग एका मार्काने कोण कोणाच्या पुढे?

सगळं एमसीक्यू करा म्हणणारेही आहेत. तपासणारा बदलला तरी मार्क बदलत नाहीत, मान्य, पण चार पर्यायांत डोळे मिटून टिक केलं तरी १०० पैकी सरासरी २५ पडतात, आणि पोराला लिहिता येतं का हे टिक करून कसं कळणार, विश्वसनीयता आली तरी सप्रमाणता (जे मोजायचं तेच मोजलं जाणं) गेलीच की.

माझं म्हणणं एवढंच, मार्कलिस्टवर मार्कांशेजारी ही त्रुटी छापा आणि कटऑफच्या आसपासचे पेपर दुसऱ्याकडून तपासून घ्या. फक्त पहिल्याचे मार्क त्याला दिसू देऊ नका, दिसले की तोही तिथेच घुटमळतो, मी स्वतः तेच करायचो.

- एक निवृत्त परीक्षक