आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: पंप आणाल, पण तो रात्री तीनला कोण बघणार?

माननीय आरोग्यमंत्री,
सस्नेह नमस्कार.

हृदय निकामी झालेल्या मुलांसाठी, दाता हृदय मिळेपर्यंत रक्त फिरवणारा कृत्रिम हृदयपंप घ्यायचा म्हटला की फाइलमध्ये यंत्राची किंमत सर्वांत वर असते. आमची विनंती, उरलेले रकानेही वाचावेत.

मोठ्यांचा पंप बाळाला चालत नाही. शरीराबाहेर राहणारा ‘बर्लिन हार्ट एक्सकोर’ १०, १५, २५, ३०, ५० आणि ६० मिलिलिटर अशा मापांत येतो. १० चा पंप मिनिटाला ८० वेळा पूर्ण भरून रिकामा झाला, तर ८०० मिलिलिटर रक्त पुढे जाते. पाच किलोच्या बाळाचे त्यावर भागते. माप मोठे पडले की पंप सावकाश चालवावा लागतो, रक्त आत रेंगाळते आणि गुठळी धरते.

पंपाचे कवच पारदर्शक असते ते त्यासाठीच. दर पाळीला नर्स टॉर्च धरून झडपांच्या कडा तपासते, मागची बाजू दिसावी म्हणून दंतवैद्याचा छोटा आरसा वापरते. पांढरा धागा दिसला तर नोंद करून लक्ष ठेवायचे. काळसर, हलणारी गुठळी बाहेर जाणाऱ्या झडपेपाशी दिसली, तर ती मेंदूत जाण्याआधी पंप बदलावा लागतो: नळ्यांना चिमटे, जुना पंप बाहेर, सलाइनने भरलेला नवा आत, हवेचा बुडबुडा एकही नको. हे काम काही मिनिटांचे, पण त्याच मापाचा जादा पंप कपाटात हवा. तो ऑर्डर देऊन येईपर्यंत मूल थांबत नाही.

रक्त पातळ ठेवणे हे तर रोजचे युद्ध. कमी पडले तर पक्षाघात, जास्त झाले तर रक्तस्राव. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्या बाळाला आईच्या दुधावरून डब्याच्या दुधावर आणले की ‘के’ जीवनसत्त्व वाढते आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) घसरतो. म्हणजे प्रयोगशाळा चोवीस तास उघडी हवी. पाच किलोच्या बाळात रक्त असते सुमारे ४०० मिलिलिटर. मोठ्यांच्या नळीत तीन-तीन मिलिलिटर दिवसातून पाच वेळा काढले तर जवळपास चार टक्के रक्त तपासणीतच गेले. लहान नळ्या खरेदीच्या यादीत क्वचितच दिसतात, म्हणून हा हिशेब मुद्दाम दिला.

वीज गेली तर बॅटरी आहे, हातपंप आहे. तो हातपंप चालवायला शिकलेला माणूस रात्रपाळीत आहे का, एवढे विचारावे.

एक्मोवर, म्हणजे हृदय-फुफ्फुसांचे काम शरीराबाहेर करणाऱ्या यंत्रावर, दिवस निघतात. दाता हृदयाची वाट मात्र महिनोन् महिने पाहावी लागू शकते, आणि एक्मोवर जितके दिवस जास्त तितके रक्तस्राव-संसर्ग जास्त. एक्मो आहे म्हणून पंपाची सोय नको, हा युक्तिवाद टिकत नाही.

पण सर्वांत स्वस्त काम पंपाच्या कितीतरी आधीचे आहे. दूध ओढताना थांबणारे, कपाळावर घाम येणारे, वजन न धरणारे बाळ. पोटदुखी-उलट्यांसाठी पित्ताचे औषध घेणारे मोठे मूल. यकृत हाताला लागते का, ठोके किती, हे पाहिले तर हृदय कमजोर असल्याचा संशय येतो. कॅल्शियमची कमतरता, तासन् तास २०० च्या वर धावणारे ठोके, चुकीच्या जागी उगवलेली डावी कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी): ही कारणे सापडली तर हृदय बऱ्याचदा पुन्हा सावरते. त्यासाठी ईसीजी, कॅल्शियमची तपासणी आणि मुलांचा एको (हृदयाची सोनोग्राफी) वाचणारा डॉक्टर लागतो.

तेव्हा मंजुरी एका यंत्राला नको. प्रत्येक मापाचा जादा पंप, रात्रीची प्रयोगशाळा, शिकलेल्या नर्सची पदे आणि खालच्या दवाखान्यातला ईसीजी, हे एकाच आदेशात यावे. यातले एक जरी सुटले, तर आदेशावर सही करू नये.

आपले,
मुलांच्या हृदयविभागांत काम करणारे डॉक्टर व नर्स