आईचं ‘सुस्स’ ऐकून घेणाऱ्या मेकॅनिकभाऊंना

भाऊ, नमस्कार.

परवा पैसे देताना नुसतं ‘थँक्यू’ म्हटलं आणि गाडीत बसले. तुम्हीही मान हलवली आणि पुढच्या गाडीखाली शिरलात. नीट काही बोलायचं राहूनच गेलं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आमची गाडी डिझेल, 2014 ची. वर्धा रोड म्हणा, रिंग रोड म्हणा, सपाटीवर एकदम शहाणी. चढ लागला की मात्र दम तुटायचा. कार्तिकात आईला रामटेकला घेऊन गेले, तर गडमंदिराच्या चढावर गाडीने जीवच टाकला. ऍक्सिलरेटर पार खाली, मागे काळा धूर, गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगतेय आणि मागचा जीपवाला हॉर्नवरचा हात काढत नाही. आईने दोन्ही हातांनी पुढची सीट धरून रामरक्षा सुरू केली. मध्येच थांबून म्हणाली, “कुकरचं रबर सैल झालं का कसं सुस्स करते, तसं करून राहिली बापा ही.” मी तिच्यावरच खेकसले. तेही इथेच कबूल करून टाकते.

पुढचे अडीच महिने मी तीन गॅरेज फिरले. पहिल्याने डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलून दिले. दुसरा म्हणाला, “मॅडम, हाफ क्लचवर चालवत असाल,” आणि क्लच प्लेट बदलली. बावीस वर्षं गाडी चालवते मी. तिसरीकडे एसी होता, कॉफी होती, लॅपटॉपला जोडलेला स्कॅनर होता. स्क्रीनवर पी 0299 असा कोड आला आणि पाच मिनिटांत निकाल लागला: टर्बो गेला, बावन्न हजार. आईने तिथेही दोनदा त्या आवाजाचं सांगून पाहिलं. तो पोरगा हसून म्हणाला, “आजी, गाडीत कुकर नसतो.” आई त्यानंतर घरी येईपर्यंत बोलली नाही.

म्हणून तुमच्या कडुलिंबाखाली आलो तेव्हा ती गाडीतून उतरलीच नाही. मी नेहमीची कहाणी सांगायला लागले. तुम्ही ऐकत होतात, पण नजर मागच्या सीटकडे होती. तुम्ही कमरेच्या फडक्याला हात पुसले, मग परत एकदा, बोटांच्या बेचक्यांतून पुसले. मागचं दार उघडलंत, उकिडवे बसलात आणि विचारलंत, “काकू, तुम्ही मागं बसता. तुम्हाला काही आवाज ऐकू येते का जी?”

बस, एवढंच. हे पत्र या एका प्रश्नासाठी आहे.

आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग कुकर सांगितला. तुम्ही हसला नाहीत. विचारलंत, “चढावरच येते का सपाटीवर बी?” “डाव्या अंगानं का उजव्या?” आणि पोराला म्हणालात, “काकूले घेऊन चक्कर मारू.” सेमिनरी हिल्सच्या चढाला तुम्ही गाडी तिसऱ्या गिअरमध्येच दाबलीत, खिडक्या खाली, रेडिओ बंद. आई पुढे वाकून कान लावून बसलेली. “हं! आता!” ती ओरडली आणि तुम्ही म्हणालात, “सापडलं.”

परत येऊन गाडी जॅकवर चढवून तुम्ही इंटरकूलरकडून, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाकडून, येणारी ती काळी रबरी नळी काढलीत. वरून पाहिलं तर धडधाकट. दोन्ही हातांनी पिळलीत तेव्हा खालच्या अंगाला बोटभर चीर उघडली, मासोळीच्या तोंडासारखी, आत तेलाचा चिकटा. नागपूरचे उन्हाळे, इंजिनाची धग आणि आतून झिरपणारं ऑइल, रबर किती टिकणार!

“टर्बो हवा दाबून इंजिनाले देते,” तुम्ही आईलाच समजावत होतात, मला नाही. “सपाटीवर दाब कमी, तं चीर मिटूनच राहते. चढावर दाब वाढला का तोंड उघडते, हवा बाहेर. डिझेल येते, हवा नाही. मंग धूर नाही निघणार तं काय?” मी त्या कोडचं विचारलं, तर म्हणालात, “मशीन म्हणते हवा कमी पडली. कुठून गेली हे थोडी सांगते?” आणि क्लचचं? क्लच घसरत असता तर इंजिन नुसतंच ओरडलं असतं आणि गाडी मागे राहिली असती. इथे तर इंजिनालाच धाप लागत होती. हे मला त्या दुसऱ्या गॅरेजच्या दारात मोठ्याने वाचून दाखवावंसं वाटतं. जाऊ द्या.

नळी, दोन क्लॅम्प आणि मजुरी मिळून 2,650 रुपये. बावन्न हजारांपुढे हा आकडा पाहून कोणीही खूश होईल, मीही झाले. पण पैसे वाचवणारे लोक भेटतात अधूनमधून. पंचाहत्तरीच्या बाईला ‘तुम्हाला काय ऐकू येतं’ असं कोण विचारतं? दवाखान्यातसुद्धा तिचं दुखणं मलाच विचारतात, ती समोर बसलेली असताना. तुम्ही हे काही चांगुलपणा म्हणून केलं नसेल, बिघाड शोधायचा म्हणून केलं असेल. मला तर ते जास्तच आवडलं.

रविवारी गडावर जाऊन आलो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढली, धूर नाही, काही नाही. आई या खेपेला पुढच्या सीटवर होती आणि शेवटच्या वळणापर्यंत तिने मला एक शब्द बोलू दिला नाही, आवाज ऐकायचा होता म्हणून.

तुम्ही कागदात गुंडाळून दिलेली ती फाटकी नळी तिने टाकू दिली नाही. स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली आहे, आल्यागेल्याला पिळून दाखवते. प्रसादाचा डबा तुमच्यासाठी बाजूला काढलाय, गुरुवारी घेऊन येते. आणि हो, कुकरचं रबरही बदललं. ते खरंच सैल झालं होतं.