पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह

बेथेस्डा, 9 नोव्हेंबर

प्रिय शुभा,

तुझ्या दिवाळीच्या पत्रालाही उत्तर दिलं नाही, चिडली असशीलच. तब्येत बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. आज लिहितेय ते वेगळ्याच कारणानं. इथे कुणाला सांगितलं तर ‘तू फार विचार करतेस’ म्हणून मोकळे होतील.

ओहायोतल्या त्या कारखानदाराचं काम आठवतं? कंपनीची फोड करून एक हिस्सा वेगळा काढायचा होता. अशी फोड करमुक्त व्हायची तर तिला धंद्याचं खरं कारण लागतं. मुलांमधली वाटणी सोपी होते, एवढं पुरत नाही. कारण आहे असं मी वकील म्हणून ओपिनियन लेटरमध्ये, म्हणजे लेखी सल्ल्यात, लिहून दिलं. आयआरएसला, म्हणजे इथल्या करखात्याला, ते पटलं नाही. नोटिशीनंतर 90 दिवसांच्या आत अशील टॅक्स कोर्टात गेला, म्हणून आधी कर न भरता भांडता येतंय. पण थकलेल्या करावर 20 टक्के दंडही लावलाय. त्यातून सुटायला अशील म्हणतोय, ‘मी वकिलाच्या सल्ल्यावर विसंबलो.’ आणि तसं म्हटलं की वकील-अशिलातल्या गोपनीयतेचं कवच गळून पडतं. माझी फाइल उघडली गेली.

तिच्यात पिवळ्या कागदावरचं माझं टिपण आहे. ‘धंद्याचं कारण : दोन्ही विभागांना वेगळं व्यवस्थापन हवं’ आणि समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. माझंच.

आपल्या सुप्रीम कोर्टाच्या मॅकडॉवेल निकालावरून टेकडीवर आपण केवढ्या भांडलो होतो! कर टाळायच्या क्लृप्त्यांना कोर्टानं थारा देऊ नये म्हणणाऱ्या न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींच्या बाजूनं तू तावातावानं, आणि माझं एकच, कायद्यात बसतं ना, मग झालं. चार दिवस अबोला. मंद्यानं भेळ आणून मिटवलं आणि भेळेचे पैसे तुझ्याकडूनच घेतले! इथे आल्यावर ग्रेगरी खटला वाचला. ग्रेगरीबाईंनी कर वाचवायला 1928 साली फोड करून काढलेली कंपनी सहा दिवस जगली. कागद चोख होते, तरी 1935 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टानं ती फोड मानली नाही. तेव्हाच तुला लिहायला हवं होतं, की तुझं बरोबर होतं.

सल्ल्यावर विसंबलो म्हणायला तीन गोष्टी लागतात : सल्लागार जाणकार हवा, त्याला सगळी खरी माहिती दिलेली हवी आणि विश्वास प्रामाणिक हवा. सगळं दुसऱ्या गोष्टीवर अडलंय. ‘अशिलानं मला सांगितलं नाही’ म्हटलं तर तो बुडतो. ‘मी विचारलं नाही’ म्हटलं तर तो कदाचित वाचेल आणि माझी बावीस वर्षं उलटतपासणीला उभी राहतील.

खरं काय ते तुला माहीत आहे. त्याच आठवड्यात नाना गेले. मी विमान पकडलं, तू पहाटे घ्यायला आलीस. परतल्यावर पत्रावर सही केली. प्रश्नचिन्हाकडे पुन्हा पाहिलंच नाही.

ईशाच्या लग्नाचे फोटो पाहिले, गोड दिसते. तुझ्या अशिलाची जीएसटीची नोटीस मिटली का?

साक्ष 17 तारखेला, क्लीव्हलँडला. ‘मी विचारलं नाही’ असंच सांगणार आहे. 16 च्या रात्री फोन करीन. तुझ्याकडे 17 ची सकाळ असेल, चहा घेऊन बस.

तुझी,
वैजू